रिकाम्या गाडीचं वजन

“उतरा खाली,” मावशी खिडकीतून म्हणाली.

“अहो बाई, मी उतरून काय होणार? माझं असं वजन ते किती?” ट्रकचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर पोट टेकून हसत होता.

“पंच्याऐंशी. बूट धरून शहाऐंशी. आणि सीटमागचा ड्रम ओता.”

“ड्रम? कुठला ड्रम?”

“ब्रेक मारलात तेव्हा डुचमळला तो.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर मी इतिहासाचं पुस्तक तोंडावर धरून फिस्सकन हसले. ड्रायव्हरचा चेहरा उतरला, पाठोपाठ तोही उतरला. भडाभडा पाणी ओतताना म्हणाला, “बाई, तुमचे कान आहेत की काय आहे!”

“कानच आहेत,” मावशी म्हणाली. “या आता आत. रिकामे होऊन परत या.”

माझी मावशी भंगाराच्या यार्डाच्या फाटकाशी वजनकाट्यावर बसते. ट्रक जातो तो लांबच लांब लोखंडी पत्रा, बाजूला काचेची खोली, खोलीत लाल आकड्यांचा डबा आणि डब्यासमोर मावशी. भरलेला ट्रक आधी मोजायचा. तो आत जाऊन माल टाकून आला की रिकामा मोजायचा. मधला फरक म्हणजे माल. इतकं सोपं. पण माणसांना सोपं झेपत नाही. येताना पाण्याचा ड्रम भरून आणायचा, आत गुपचूप ओतायचा, म्हणजे पाणीही लोखंड म्हणून खपतं! येताना ड्रायव्हर सीटवर, जाताना खाली उतरून पान खात उभा. मावशीने बावीस वर्षांत असले सगळे नमुने पाहिलेत. ती म्हणते, “भरलेली गाडी थापा मारते. रिकामी झाली की झक मारत खरं बोलते.”

एवढी हुशार बाई. आणि तिच्याकडे बघितलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

गोळ्यावरून आठवलं, आधी माझं सांगून टाकते. माझं वजन बहात्तर. हो, बहात्तर, लपवायचं काय त्यात? मागच्या वर्षीपर्यंत मी शेवटच्या बाकावर, पोटावर दप्तर धरून बसायचे. वर्गात माझं नाव ‘रोड रोलर’. मग खेळाच्या सरांनी माझ्या हातात लोखंडी गोळा दिला आणि म्हणाले, “फेक.” मी फेकला. तो जिथे पडला तिथे कुणी उभं नव्हतं हे सगळ्यांचं नशीब. आता त्याच मुली मैदानाच्या कडेला बसून “रोलर! रोलर!” म्हणून घसा फोडतात. तर माझं हे असं. पण ही गोष्ट माझी नाही.

मावशी कायम एक कोट घालते. पुरुषी, जाड, खाकी, चार मोठ्या खिशांचा. उन्हाळ्यातही. तिला थंडी वाजते. कोट घातला की ती बाई दिसते, आणि रात्री खुंटीला लावला की मला कळत नाही खुंटीवर काय आहे आणि पलंगावर काय आहे. तिचं घड्याळ मनगटावर राहत नाही, कोपरापर्यंत चढतं. ती सगळं अर्धं खाते. अर्धं केळं, अर्धं अंडं, आणि उरलेलं कागदात अशी नीट गुंडाळते, जणू ते कुणाचं तरी आहे, तो आला की द्यायचं आहे.

“मावशी, आख्खं खा ना.”

“मला एवढं पुरतं गं ढमे.”

ढमी म्हणजे मी.

आम्ही तिघी एका घरात राहतो, मी, आई आणि मावशी. गेले काही महिने मला एक वाईट सवय लागली होती. पहाटे जाग आली की मी मावशीच्या पांघरुणाकडे बघायचे. हलतंय का. ते इतकं कमी हलायचं की मी माझा श्वास रोखून धरायचे, आणि माझाच जीव घाबरा व्हायचा.

हे सगळं का, ते आईने मला मागच्या वर्षी सांगितलं. भांडी विसळत होती, माझ्याकडे पाठ करून. पाठ करूनच सांगितलं.

त्या तीन बहिणी होत्या. मावशी थोरली, आई मधली आणि एक धाकटी, सहा वर्षांची. तेव्हा मावशी पंधराची, म्हणजे आत्ताच्या माझ्याएवढी. आणि आई म्हणाली, “तुझ्यासारखीच होती. अंगानं दणकट, हसायला लागली की भिंतीपलीकडे ऐकू जायचं.” नदीपलीकडे जायला होडी होती. होडीवाला म्हणाला, “बास, आता पुरे झाली माणसं.” धाकटी आत बसलेली, आई आत बसलेली, आणि मावशी काठावर. मावशीने उडी मारली आणि चढली. धाकटीला मांडीवर घेतलं. नदीच्या मध्यावर होडी कलली.

“मग?”

“मग आम्ही दोघी काठाला लागलो.”

नळ चालूच होता. मी बंद केला नाही.

“मी बारा वर्षांची होते गं,” आई म्हणाली. “काठावर उभी राहून मी तिला म्हटलं, तू चढली नसतीस तर. एवढंच. एकदाच. त्या संध्याकाळी ती अर्धं जेवून उठली. मला वाटलं, दुःख आहे, होईल कमी.”

आईने त्यानंतर ते वाक्य कधी उच्चारलं नाही. मावशीने कधी आख्खं खाल्लं नाही. दोघी एका घरात राहतात, एकमेकींचे कपडे वाळत घालतात, आणि ते वाक्य मधे बसलेलं असतं, चौथ्या माणसासारखं. मावशी लिफ्टमध्ये चढत नाही. बसमध्ये ज्या बाजूला कमी माणसं असतील त्या बाजूला बसते. मला लहानपणी वाटायचं तिला खिडकी आवडते.

पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मावशीच्या फाइलमध्ये एका आकड्याखाली लाल रेघ मारली होती. “याच्या खाली गेलात तर घरी जायचं नाही. थेट वर, चौथ्या मजल्यावर, वॉर्डात. तुमचं हृदय थकलंय, कळतंय का?” मावशी मान हलवून हो म्हणाली होती. घरी येताना मला म्हणाली, “तिथे नाकातून नळी घालतात. माणसाला गोणीसारखं भरतात. मी नाही जायची.”

आज शनिवार. चार वाजता दवाखान्यात मावशीचं वजन होतं. माझी अर्ध्या दिवसाची शाळा, म्हणून मी दुपारपासून काट्यावर.

ड्रमवाला ट्रक आत गेला आणि मावशी आकड्यांच्या डब्याकडे बघून थबकली. पत्र्यावर काही नव्हतं, तरी आकडा शून्यावर येत नव्हता. चाळीस दाखवत होता.

“फटीत खडा अडकलाय,” ती म्हणाली. “खाली उतरून काढावा लागेल.”

पत्र्याखाली छातीएवढा खोल खड्डा आहे. पत्र्यालाच एक चौकोनी झाकण आहे, ते उघडून उतरायचं. झाकण नेमकं चाकाच्या वाटेवर, बांधणाऱ्याच्या अकलेला नमस्कार! म्हणून नियम असा की आधी दोन्ही बाजूंना लाल साखळी लावायची, रस्त्याच्या बाजूला एक, यार्डाच्या बाजूला एक. मगच झाकण उघडायचं. मावशीने हा नियम मला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

ती गेली. मी इतिहासात डोकं घातलं. साखळीचा खळखळाट ऐकला. मग झाकणाचा.

एकदाच खळखळाट ऐकला, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

यार्डाच्या बाजूने ट्रकचा आवाज आला. मी मान वर केली. रस्त्याच्या बाजूला साखळी होती. यार्डाच्या बाजूला ती खांबाशी गुंडाळलेली, जशीच्या तशी. आणि ड्रमवाला, रिकामा होऊन, शीळ घालत, सरळ पत्र्याकडे येत होता.

“मावशी!”

खड्ड्यातून उत्तर नाही.

“मावशी, वर ये! गाडी!”

काही नाही.

स्टूल कुठे गेलं, पुस्तक कुठे गेलं, मला माहीत नाही. मी धावले आणि ट्रकसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. पाय रोवलेले होते, गोळा फेकताना रोवतात तसे. एवढ्या मोठ्या ट्रकला मी दिसायला हवी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, मी अजून जाड का नाही!

ब्रेक किंचाळले. बंपर माझ्या छातीपासून हातभर अंतरावर थांबला. गरम वाफ तोंडावर आली.

“मरायचंय का गं पोरी?” ड्रायव्हर ओरडला. मग त्याला उघडं झाकण दिसलं आणि त्याची बोबडी वळली.

मी खड्ड्यात उडी मारली. मावशी कोपऱ्यात पडली होती, एक गाल मातीला टेकून. मुठीत खडा तसाच. मी तिच्या काखेत हात घातले आणि उचलायला जोर लावला. मी जोर जास्त लावला. एवढा लागलाच नाही. ती अशी वर आली की मीच मागे धडपडले.

माझे हात रोज चार किलोचा गोळा उचलतात. दप्तर, पाण्याच्या बादल्या, सिलिंडर, सगळ्याचं वजन माझ्या हातांना पाठ आहे. तेव्हा माझ्या हातांना जे कळलं ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

ड्रायव्हरने वरून तिला घेतलं. आणि घेता घेता म्हणाला, “अगं, ही बाई आहे की नुसता कोट?”

गंमत म्हणून नाही म्हणाला तो. घाबरून म्हणाला.

पाणी मारल्यावर मावशीने डोळे उघडले. पहिलं वाक्य, “साखळ्या लावल्या होत्या मी.”

“एकच, मावशी.”

ती उठून बसली. यार्डाच्या बाजूच्या खांबाकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिने हे कधी चुकवलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा तेच दिसलं जे माझ्या पोटात होतं.

“कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली.

मी आईला फोन केलाच. आई पॅकिंगच्या कारखान्यात असते, मशिनच्या आवाजात तिला अर्धंच ऐकू गेलं, पण अर्ध्याने भागलं. “तू तिच्याबरोबर दवाखान्यात जा. मी सुटले की तिथेच येते. तिला सोडू नकोस. ऐकतेस ना? सोडू नकोस!”

साडेतीनला मावशी म्हणाली, “तू हो पुढे, मी वही बंद करून आले.” ती खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. कोटाची सगळी बटणं लावलेली. माझं दप्तर आत राहिलं होतं म्हणून मी परत गेले, तर खोलीभर पावत्या उडत होत्या. पंखा चालू, आणि पावत्या टेबलावरून सुटून भिंतीला चिकटत होत्या. मी गोळा केल्या, वर ठेवायला लोखंडी मापं शोधली. जुन्या तराजूची मापं होती ती, दोन दोन किलोची तीन आणि एक किलोचं एक. मावशी पावत्यांवर ठेवायची. नव्हती. टेबलावरच्या धुळीत चार स्वच्छ चौकोन होते फक्त.

मी पंखा बंद केला. चौकोनांकडे बघितलं. कळलं का मला? कळलं असावं. पण कळलेलं आत घ्यायला मला अजून पाऊण तास लागला.

वाटेत मावशीने बाटलीतलं पाणी प्यायला सुरुवात केली. थांबेचना. एक बाटली संपवली, नळावर भरून घेतली, दुसरी संपवली. एरवी गोळी गिळायलाही घोटभर घेणारी बाई.

“तहान लागलीय का गं एवढी?”

“उन्हाचं.”

दवाखान्यातली वजनाची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट उघडी होती, आत कुणी नाही.

“तू लिफ्टने जा,” मावशी म्हणाली, “मी जिन्याने येते.”

“मावशी, आठ माणसांची पाटी आहे. आपण दोघीच आहोत!”

“तरी.”

मग मी पण जिन्याने. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती, आणि प्रत्येक पायरीला तिच्या कोटातून आवाज येत होता. टक. टक. लोखंडावर लोखंड. तीन तासांपूर्वी खड्ड्यात बेशुद्ध पडलेली माझी मावशी दोन बाटल्या पाणी आणि चार लोखंडी मापं घेऊन जिना चढत होती. तिचे ओठ निळसर झाले होते. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडले तर ती दचकून पडेल असंही वाटत होतं. मी तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून, हात थोडे पुढे धरून चढले. पडलीच तर झेलायला.

नर्सताई गोड होत्या. “या या, काटेवाल्या बाई! बघू आज काय म्हणतंय आमचं यंत्र.”

मावशी कोटासकट चढली.

“कोट काढा ना.”

“थंडी वाजतेय हो.”

“बरं, असू दे, कोटाचं एक किलो धरू.” आकडा थांबला. नर्सताईंचे डोळे चमकले. “अरे वा! वाढलंय की चांगलं! रेघेच्या किती वर! डॉक्टरबाई खूश होतील आज.”

मावशी हसली. मला ते हसू माहीत होतं. दुपारी तेच हसू ड्रायव्हरच्या तोंडावर होतं, स्टिअरिंगवर पोट टेकून.

आणि मला इतकी भीती वाटली की मुठी गच्च आवळल्या गेल्या. बोलले तर मावशी माझी राहणार नाही. ती मला परत खोलीत बसू देणार नाही, ढमे म्हणणार नाही, तिला वाटेल, ही पण. एका बहिणीने काठावर उभं राहून एक वाक्य म्हटलं आणि तिचं आयुष्य अर्धं झालं. आता भाची उभी होती, दुसरं वाक्य घेऊन. आणि नाही बोलले तर? नर्सताई पेन उघडत होत्या. नाही बोलले तर आम्ही घरी जाणार, मी पहाटे उठणार, पांघरुणाकडे बघणार. एके दिवशी ते हलणार नाही.

“नर्सताई,” मी म्हणाले. माझा आवाज चिमणीसारखा निघाला. मी परत म्हणाले, पोटातून. “लिहू नका. गाडी भरलेली आहे.”

“काय?”

“रिकामं वजन घ्या.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मी मान खाली घातली नाही, घालावीशी फार वाटली तरी. मग तिने कोटाच्या खिशात हात घातला आणि एक माप काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या खिशातून दुसरं. आतल्या खिशातून तिसरं. एक किलोचं शेवटी काढलं आणि रांग सरळ केली. सवयच ती.

“कसं ओळखलंस?” तिने विचारलं. अगदी कामाच्या आवाजात.

“पावत्या उडत होत्या.”

“हां.” तिने मान हलवली. “त्यांच्यावर विटा ठेवायला हव्या होत्या.”

“आणि पाणी. आणि मी तुला खड्ड्यातून उचललंय गं मावशी. माझे हात काय खोटं बोलणार?”

नर्सताईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या उठल्या, मावशीला बाथरूमपर्यंत नेऊन आणलं, कोट उतरवून माझ्याकडे दिला. तेव्हा मी मावशीला दिवसाच्या उजेडात पहिल्यांदा कोटाशिवाय बघितलं. ती परत काट्यावर चढली. आकडा थांबला.

तो आकडा मी लिहिणार नाही. तो तिचा आहे.

नर्सताईंनी फोन उचलला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “चौथ्या मजल्यावर एक पलंग तयार ठेवा.” मग चाकांची खुर्ची आणली.

“जिन्याने जाते मी,” मावशी म्हणाली.

“खुर्ची जिन्याने जात नाही हो, बाई.”

लिफ्टचं दार उघडलं. नर्सताईंनी खुर्ची आत ढकलली. मावशीचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, बोटं पांढरी झालेली. ती वर लावलेल्या पाटीकडे बघत होती. आठ माणसं. टेबलावरची मापं मी दप्तरात टाकली होती, म्हणजे सात किलो लोखंड, आणि मी बहात्तर. मी दाराबाहेरच थांबले.

तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं आली. आई. कारखान्याची टोपी डोक्यावर तशीच, धापा टाकत. तिने खुर्ची पाहिली, माझ्या हातातला कोट पाहिला, मग कोटाशिवायची मावशी पाहिली, आणि तोंडावर हात ठेवला.

नर्सताईंनी खुणावलं तशी मी आत शिरले आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. आई बाहेरच होती. तिने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

“तुम्ही व्हा पुढे,” आई म्हणाली. “मी येते जिन्याने.”

दार बंद व्हायला निघालं. मावशीने हात पुढे केला आणि मधे धरला. दार दचकून परत उघडलं.

“चढ,” मावशी म्हणाली.

“अगं, नको, उगीच गर्दी...”

“चढ गं. मावतंय.”

आई चढली. तिचं वजन पडलं तशी लिफ्ट किंचित खाली दबली. दबतेच लिफ्ट, सगळ्यांखाली दबते. पण मावशीने डोळे गच्च मिटले आणि एका हाताने माझं मनगट धरलं. दुसरा हात हवेत काहीतरी शोधत होता. आईने तो घेतला.

दार बंद झालं. खालून वर एक बारीक थरथर आली. माझ्या मनगटात मावशीची नखं रुतली होती आणि दप्तरातली मापं हळूच एकमेकांवर वाजत होती. आम्ही तिघी, चौथ्या नर्सताई. तिसऱ्या मजल्याचा दिवा लागला आणि विझला. मावशीने डोळे उघडले नाहीत, पण तिचे ओठ हलत होते. ती आम्हाला मोजत होती. मोजून संपल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.